न वाचता 'हो' म्हणणारे दिगंबरराव

दिगंबरराव,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरंच सांगायचं आहे आणि त्यातलं हे सगळ्यात सोपं आहे.

झालं असं की सकाळी मोठ्या सरांचा फोन आला. आपल्या क्लासचे संचालक कितीही दुःखात असले तरी त्यांच्या डोक्यातून वेळापत्रक जात नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. म्हणाले, "बाई, सोमवारी सराव परीक्षा आहे. पेपर दिगंबरच्या कॉम्प्युटरवर तयार होता. पण त्याच्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. शेवटी उभ्या उभ्या पेन ड्राइव्हवर काढला आणि तुमच्या कॉम्प्युटरवर टाकला. आता तो काहीतरी विचारून राहिलाय."

"काय विचारतोय?"

"इंग्रजीत आहे. या फायलीत धोका असू शकतो म्हणतोय. हो का नाही, ते सांगा म्हणतोय. आम्ही कुणी हात लावला नाही."

तेव्हा मला हसू फुटलं. ओढणी तोंडावर धरली. आमच्या ह्यांना वाटलं की मला रडू आवरत नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले आणि मग खरंच रडले.

हे रुक्मिणीवहिनीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. वहिनी, दिगंबरराव आणि मी अठरा वर्षं लातुरात एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मी गणित शिकवत होते आणि पेपर काढत होते, ते पेपर टाइप करत होते. त्यासाठी त्यांनी नांदेडच्या एका मित्राकडून एडिटर नावाचं टाइप करायचं एक जुनं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. त्याची एक सोय अशी की प्रत्येक फायलीच्या शेवटी चार ओळी लिहून ठेवता येतात: ही फाईल उघडली की अक्षर एवढं मोठं ठेव, ओळ एवढी रुंद ठेव, छापायला काढताना अमुक कर. फाईल आपल्याबरोबर आपले नियम घेऊन फिरते. पण त्या ओळींमध्ये कुणी वाटेल ते लिहू शकतो. कॉम्प्युटरला सगळं पुसायला सांगितलं तर तो पुसूनही टाकेल. म्हणून शंका येण्यासारखी ओळ दिसली की ते एडिटर थांबतं, ती ओळ आपल्यासमोर ठेवतं आणि विचारतं: ही पाळू का? वाय दाबलं की हो. एन दाबलं की त्या फायलीतली एकही ओळ पाळायची नाही. आणि उद्गारचिन्ह दाबलं की 'हो, आणि ही ओळ पुन्हा दिसली तर मला विचारू नको'.

वहिनी, तुमचे यजमान अठरा वर्षं उद्गारचिन्ह दाबत आले. मी अठरा वर्षं एन दाबत आले. आमचं भांडण एवढंच होतं.

दिगंबरराव, पहिल्या वर्षी त्या भांडणात तुम्ही जिंकलात, हे कबूल करते. तुम्ही मुरुडला कुणाच्या तरी लग्नाला गेला होता आणि रविवारचा पेपर मला छापायला काढायचा होता. तुमची फाईल उघडली, एडिटरनं विचारलं, मी एन दाबलं. पेपर निघाले, गठ्ठे बांधले, वर्गात वाटले. संध्याकाळी तपासायला बसले तर प्रत्येकाला पैकीच्या पैकी. मला आधी वाटलं, माझं शिकवणं एकदम सुधारलं. दहाव्या पेपरला शंका आली. प्रश्नपत्रिका हातात घेऊन पाहिली तर प्रत्येक प्रश्नाच्या खाली त्याचं उत्तर छापलेलं. छापताना उत्तरं लपवायची, हा हुकूम तुमच्या त्या शेवटच्या ओळींत होता आणि तो मी नाकारला होता.

पूर्ण वर्गात एकाच मुलीला दोन मार्क कमी पडले. शिरूर अनंतपाळहून आलेली, दोन वेण्या घालणारी, पहिल्या बाकावरची. सोमवारी आपण दोघांनी तिला बोलावलं. मी विचारलं, "खाली उत्तर छापलं होतं, ते दिसलं नाही का?"

"दिसलं की मॅडम. पण छापलंय म्हणून ते बरोबर कशावरून?"

तिची दोन्ही उत्तरं पुन्हा तपासली. एक तिचं चुकलं होतं. दुसऱ्यात तिचं बरोबर होतं आणि आपलं छापलेलं चूक होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. "ही तुमची शिष्या शोभती," म्हणालात. तुम्ही ते चिडवायला म्हणाला होता. मला मात्र आठवडाभर छान वाटत होतं.

आपण दोघं असे का होतो, ते एकदा बोलून झालं होतं. एसटी स्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर, तुमच्या हातातली बशी थंड होत होती तेव्हा. भूकंपाच्या साली तुम्ही कॉलेजात होता. औशाकडच्या एका गावात मदतीच्या तंबूत टाइपरायटर घेऊन बसला होता आणि पडलेल्या घरांची यादी करत होता.

"बाई, पुरावा मागितला असता तर कुणाकडं होता?" तुम्ही म्हणालात. "कागद दगडाखाली, कागदाचा मालकबी दगडाखाली. जो आला त्यानं सांगितलं, माझं घर होतं, तीन खणांचं होतं, दारात लिंब होता. मी म्हणलं, हाव. टाइप करून राहिलो. चार-दोन खोटे निघाले असतील. निघू द्या. बाकीच्यांना मी न्हाई म्हणलो असतो तर?"

मग मी माझं सांगितलं. त्याच दिवसांत नांदेडला आमच्या गल्लीतून एक माणूस सायकलवरून ओरडत गेला, "दुपारी चारला पुन्हा भूकंप आहे, घरं सोडा." माझ्या वडिलांनी ऐकलं. आम्ही सगळे शाळेच्या मैदानात जाऊन बसलो. चार वाजले, पाच वाजले. पायाखालची एक मुंगीसुद्धा हलली नाही. घरी आलो तर पितळेची भांडी आणि आईचं शिलाई मशीन गेलेलं. मशीनवर शेजारणीचा ब्लाउज अर्धा शिवलेला होता, तोही नेला. आई पुढची कित्येक वर्षं मशीनपेक्षा त्या ब्लाउजबद्दलच बोलायची, कारण शेजारणीला वाटत होतं की तो आईनंच ठेवून घेतला.

"म्हणून तुम्ही एन दाबता," तुम्ही म्हणालात.

"म्हणून तुम्ही उद्गारचिन्ह दाबता," मी म्हणाले.

आपण चहा संपवला आणि परत येऊन पुन्हा तेच करत राहिलो. एकमेकांचं कारण कळल्यानं आपल्यात काडीचा फरक पडला नाही.

भांडणं दुसरीही होती. तुम्ही 'कोन' हा शब्द कायम 'कोण' असा टाइप करायचा. मी लाल शाईनं दुरुस्त करायची. एकदा तुम्ही फळ्यासमोर उभे राहून मला विचारलंत, "बाई, त्रिकोणात ण, चौकोनात न. बाजू वाढली तर अक्षर का बदलावं?" मी म्हणाले, नियम आहे. तुम्ही म्हणालात, कुठला? मी दोन पुस्तकं पाहिली, नांदेडच्या माझ्या मराठीच्या जुन्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, नियम आहे. कुठला, ते त्यांनीही सांगितलं नाही. तो मुद्दा अजून तसाच आहे. तुम्ही असेपर्यंत मी हे मान्य केलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी माहेरी नांदेडला होते. 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' असे शंभर प्रश्न आपल्याकडे होते आणि मोठ्या सरांना त्यातूनच 'अयोग्य पर्याय निवडा' असा दुसरा संच हवा होता. शंभर वेळा 'अ' टाइप करायचा मला कंटाळा आला. म्हटलं, दिगंबररावांना येतं ते मलाही येतं. एडिटरची मदतीची पानं वाचून मी फायलीच्या शेवटी एक ओळ लिहिली: फाईल सेव्ह करताना 'योग्य' दिसेल तिथं 'अयोग्य' कर. मग ती चालते का ते बघायला फाईल बंद करून पुन्हा उघडली. एडिटरनं विचारलं, ही ओळ धोक्याची असू शकते, पाळू का? आणि माझ्या बोटानं सवयीनं एन दाबलं.

ओळ चालली नाही. मला वाटलं, आपल्याला जमलं नाही. चिडून बसले आणि शंभर 'अ' हातानं टाइप केले. ती ओळ तशीच राहिली. फाईल तुम्हाला पाठवून दिली.

तुम्ही लातुरात ती उघडलीत. एडिटरनं तुम्हालाही विचारलं असणार. फाईल बाईंची आहे म्हटल्यावर तुम्ही उद्गारचिन्ह दाबलंत.

त्या ओळीत 'हे फक्त या फायलीपुरतं' असं सांगणारा एक शब्द लागतो, तो मी विसरले होते. त्यामुळे त्या दिवसापासून तुम्ही जी जी फाईल सेव्ह केलीत त्या प्रत्येकीत योग्य होतं ते अयोग्य झालं. आणि जे आधीच अयोग्य होतं त्याला आणखी एक 'अ' लागला, कारण अयोग्यमध्येही योग्य आहेच. दोनदा सेव्ह केलं की दोन 'अ'. तुम्हाला तर दर वाक्याला सेव्ह करायची सवय.

नेमकी तेव्हा प्रवेशाची पत्रकं छापायची होती. मोठ्या सरांनी हातानं लिहिलेला मजकूर वाचला, ठीक आहे म्हणाले, मग तुम्ही तो टाइप केलात आणि फाईल कुणी न बघता तशीच प्रेसला गेली. पत्रकं लातूरच्या स्टँडवर वाटली, नांदेडला वाटली, उदगीर-निलंग्याला गेली. 'अयोग्य मार्गदर्शन, अयोग्य वातावरण आणि अयोग्य वेळी उजळणी.' आणि सगळ्यात खाली, मोठ्या सरांच्या फोटोशेजारी, तुम्ही सगळ्यात आधी टाइप केलेली ओळ, 'सरांच्या सुअअअअयोग्य नेतृत्वाखाली.'

निलंग्याकडचे एक पालक ते पत्रक घेऊन मुलीचा प्रवेश घ्यायला आले होते, आठवतं? मोठ्या सरांनी त्यांची माफी मागायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "सगळे क्लासवाले आपलंच गुणगान गाऊन राहिलेत. तुम्हीच एक खरं लिहिलंत म्हणून आलो." मोठ्या सरांना प्रवेश द्यावा की त्यांना बाहेर काढावं, ते कळेना. त्यांनी प्रवेश दिला.

मी नांदेडहून परत आले त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं होतं. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. मी वरचं पत्रक उचललं, पहिली ओळ वाचली आणि मला एका क्षणात कळलं की हे काय आहे आणि कुणाचं आहे. मोठे सर तुम्हाला म्हणाले, "दिगंबर, हे कसं झालं?"

"माझ्या हातून झालं सर. एका फायलीला न बघता हो म्हणलं."

"कुणाची फाईल?"

तुम्ही थोडा विचार केल्यासारखं केलंत. "आठवत न्हाई," म्हणालात.

त्या वेळी मी पंख्याकडे बघत होते. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एकावर जास्त धूळ होती. आजही ते पातं मला जसंच्या तसं सांगता येईल. तोंड उघडून 'माझी' एवढाच शब्द उच्चारायचा होता. पण वर्गात मी ज्या मुलांना एका चिन्हासाठी उभं करत होते ती मुलं, त्यांचे पालक, मोठे सर, सगळे माझ्याकडे 'बाई कधी चुकत नाहीत' असं बघायचे. मला ते बघणं सोडवेना. मोठे सर तुम्हाला बराच वेळ बोलले. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "चहा घ्यायचा का बाई?"

मला वाटलं, तुम्हाला खरंच माहीत नाही. तसं वाटून घेणं सोयीचं होतं. आणि त्याहून लाज वाटण्यासारखं म्हणजे दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला ऐकवलं, "बघा, न वाचता हो म्हटलं की काय होतं." तुम्ही म्हणालात, "हाव बाई." पुढची पंधरा वर्षं तुमचं काही चुकलं की मी ते पत्रक काढायची. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "हाव बाई."

तर तिसऱ्या दिवशी मी क्लासला आले. माझ्या कॉम्प्युटरवर तुमची शेवटची फाईल अर्धवट उघडलेली होती आणि प्रश्न तसाच उभा होता. माझं बोट एनवर गेलं. तिथंच थांबलं. सोमवारी उत्तरांसकट पेपर वाटायचा नव्हता. मग उद्गारचिन्हाकडे नेलं. तेही दाबवेना. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ओळी वाचल्या.

दिगंबरराव, एडिटर त्या ओळी पडद्यावर दाखवतं ते वाचण्यासाठी. आपण दोघांनी अठरा वर्षांत एकदाही वाचल्या नाहीत. तुम्ही न वाचता हो म्हणालात, मी न वाचता नाही म्हणाले, आणि मी स्वतःला तुमच्यापेक्षा शहाणी समजत होते.

चार ओळी होत्या. पहिली अक्षराच्या आकाराची. दुसरी ओळीच्या रुंदीची. तिसरी उत्तरं लपवून छापायची. चौथी लांबलचक होती आणि धोक्याची खूण तिच्यापुढे होती. ती मी तीनदा वाचली. तिचा अर्थ असा निघाला: रोज दुपारी एक वाजता पडद्यावर लिही, 'ऊठ. डबा खा. गोळी इसरू नको. रुक्मिणी.'

मी वाय दाबलं. पेपर छापायला काढला. एक प्रत हातात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. उत्तरं कुठे नव्हती. सातव्या प्रश्नात 'कोण' होतं. ते मी तसंच ठेवलं.

मग वाटलं, तुमच्याकडे अशा आणखी किती ओळी असतील, त्या बघाव्यात, नाहीतर पुढचे पेपर अडतील. कुणी बसत नव्हतं त्या खुर्चीत मी बसले. ती एका बाजूला कलते, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. एडिटर ज्या ओळींना आपण कायमचं हो म्हणतो त्यांची एक यादी करून ठेवतं. वर लिहिलेलं असतं की ही यादी हातानं बदलू नका. तुम्ही ती बदललेली होती. प्रत्येक ओळीशेजारी मराठीत शेरा होता. चार वेळा पडदा खाली सरकवला तरी संपेना.

'रसायनच्या सरांची. डोळे अधू, अक्षर मोठं लागतं.'

'नांदेडच्या मित्राची. हिच्यामुळं आवाज होतो. होऊ द्या.'

'जीवशास्त्राच्या मॅडमची. काय करते कळत न्हाई. पण मॅडम चांगल्या हायेत.'

मी पुन्हा हसले. असा विचार करून कॉम्प्युटर चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मग अगदी तळाशी माझी ओळ दिसली. योग्य, अयोग्य. तिच्यापुढे खूण करून तुम्ही ती बंद केली होती. पुसली मात्र नव्हती. शेजारी लिहिलं होतं:

'बाईंची. बंद केली. त्यांना सांगायचं न्हाई, वाईट वाटंल.'

बाहेरून कुणीतरी विचारलं, "बाई, सापडलं का?" मी म्हणाले, सापडलं.

म्हणजे त्या दिवशी ऑफिसात तुम्हाला माहीत होतं. चहा विचारलात तेव्हा माहीत होतं. आणि पंधरा वर्षं मी ते पत्रक तुमच्या तोंडावर मारत होते तेव्हा तुम्ही 'हाव बाई' म्हणताना नेमकं काय मनात आणत होता, हे मला आता कुणाला विचारायचं? तुमचे आभार मानावेत की तुमच्यावर रागवावं, मला कळत नाही. खरं सांगते, राग थोडा जास्त आहे. एकदा म्हणाला असतात, "बाई, ती ओळ तुमची होती," तर मी दोन दिवस रुसले असते आणि मग सुटले असते.

नवव्या दिवशी क्लासच्या मोठ्या खोलीत शोकसभा झाली. तुमचा फोटो ठेवला होता, त्याला हार. फोटोत तुम्ही उगाच गंभीर दिसत होता. दिवसांसाठी गावी गेलेल्या रुक्मिणीवहिनी मुरुडहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आपले जुने विद्यार्थी आले होते, त्यांतले काही आता डॉक्टर आहेत. मोठे सर बोलायला उठले. तुमच्या कामाबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "दिगंबरच्या हातून इतक्या वर्षांत एकच मोठी चूक झाली," आणि त्यांनी पत्रकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आता ते ती प्रेमानं सांगतात. 'सुअअअअयोग्य' ते स्वतःच म्हणून दाखवतात, चारही 'अ' मोजून. सगळी खोली हसत होती. डोळे पुसत हसत होती.

मी उभी राहिले. मोठ्या सरांना वाटलं मला बरं वाटत नाही. ते म्हणाले, "बाई, बसा, पाणी आणायला सांगतो."

"सर, ती चूक दिगंबररावांची नव्हती. ती ओळ मी लिहिली होती. फाईल माझी होती. तुम्ही त्या दिवशी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

सगळं सांगितलं: कंटाळा आला ते, एन दाबलं ते, पंख्याकडे बघितलं ते. समोर माझे विद्यार्थी होते, ज्यांचे मी एका चिन्हासाठी मार्क कापले होते. एकाचंही डोकं खाली नव्हतं. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते.

मोठे सर म्हणाले, "बाई, तुम्ही?"

तेव्हा रुक्मिणीवहिनी मागे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाल्या, "बाई, आम्हाला ठावं हाय ते. तवाच घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी."

"काय सांगितलं होतं?"

वहिनी फोटोकडे बघून बोलल्या. "त्या साली आम्ही लातूर सोडून निघालो होतो बाई. मुरुडला टायपिंगचं दुकान टाकणार होते. मला म्हणायचे, तिथं शेजारी एक बाई बसतात, त्या कधी चुकतच न्हाईत. दिवसभर नापास झाल्यावानी वाटतं, माझ्यानं होत न्हाई. सामान बांधून झालतं. सकाळी टेम्पो यायचा होता. अन् त्या सांजच्याला घरी आले ते हसतच आले. मी म्हणलं, मोठे सर लई बोलले का? म्हणले, लई बोलले. पण रुक्मिणी, चूक बाईंची हाय. तीबी कसली, अख्ख्या जिल्ह्यात वाटली. अन् इचारल्यावर पंख्याकडं बघत बसल्या. अगदी माझ्यावानी. म्हणले, आता मला तिथं करमंल."

खोलीत कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, मोठे सरसुद्धा. मी खाली बसले. वहिनींनी हात मागे करून माझा हात धरला.

तुम्ही जाणार होता, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. माझ्यामुळे जाणार होता, हे तर नाहीच.

"मग टेम्पोचं काय केलं?" मी विचारलं.

"त्या टेम्पोवाल्याला फोन लावला," वहिनी म्हणाल्या. "अन् म्हणले, न्हाई."

मी तुमच्या फोटोकडे पाहिलं. अठरा वर्षांत तुम्ही कुणालाही तसं 'न्हाई' म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं.